गार हातातला खडा

भाचीच्या पत्राला मास्तरांनी उत्तर दिलंच नव्हतं.

पत्र आलं तेव्हा पाकिटाच्या कोपऱ्यावर तेलकट डाग होता. आत पांढऱ्या खड्याची कपची होती. ‘मामा, तुम्ही आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलंत. खडेबाबांचा हा खडा माझ्या हातात विरघळतो, आईच्या हातात नाही. खडेबाबा म्हणतात, ज्याच्या हातात विरघळेल तोच जगेल. आईच्या थायरॉइडच्या गोळ्याही त्यांनी बंद करायला लावल्यात. मला शंका येते. तुम्हाला काय वाटतं?’

मास्तरांनी पाकीट हुंगलं. अत्तराखालून बोकडाचा उग्र दर्प आला आणि मनात नाव उमटलं: कॅप्रिक आम्ल. मग नेहमीचा किडा वळवळला. चुकलो तर? आधी पुस्तकात बघू. मसुदा केला, पुस्तकात सारला, दुसरा केला. तीन महिन्यांनी बहीण गेली.

आज ते खडेबाबांच्या सभेत मागच्या खुर्चीवर अंग चोरून बसले होते. हॉल खच्चून भरलेला, एसी गारठवणारा. आई गेल्यापासून बाबांच्या सेवेत राहिलेली भाची व्यासपीठावर बर्फात ठेवलेल्या खड्यांचा डबा घेऊन उभी.

“डॉक्टर नाडी बघतो, खडा नशीब बघतो!” बाबा गरजले. “डॉक्टर फी घेतो, खडा फक्त श्रद्धा घेतो!”

“आणि दानपेटी कशाला ठेवलीय मग?” कुणीतरी पुटपुटलं.

एक शिंपी बायकोला घेऊन पुढे आला. तिच्या तळहातावर खडा तसाच टणक राहिला.

“हिच्या थायरॉइडच्या गोळ्या बंद केल्या, बाबा. तरी का हो असं?”

“घरात कुणीतरी शंकेखोर आहे.” बाबांनी भाचीकडे बोट केलं. “विचार हिला. हिने शंका घेतली, आई घालवून बसली.”

भाचीने मान खाली घालून होकार दिला.

मास्तर कधी उठले, त्यांनाही कळलं नाही. खुर्च्यांमधून वाट काढत ते व्यासपीठापाशी आले.

“बाबा, त्या बर्फात दोन मिनिटं हात ठेवता?”

“कशाला?”

“तुमचं नशीब बघू.”

हशा पिकला. बाबा मागे सरकले, ते बघून शिंप्याला संशय आला आणि त्याने कात्री धरायच्या हातांनी त्यांची मनगटं पकडली आणि डब्यात दाबली. हात बाहेर काढले, तेव्हा लालबुंद तळव्यावर मास्तरांनी ठेवलेला खडा पेपरमिंटच्या गोळीसारखा बसून राहिला.

“बाबा, आता तुमचं कसं व्हायचं हो?” पुढच्या रांगेतली म्हातारी कळवळून म्हणाली.

मास्तरांनी शिंपिणीला चहाचा गरम पेला धरायला दिला. मग खडा. बघता बघता तेल झालं, बोटांतून ओघळलं.

“कॅप्रिक आम्ल,” मास्तर म्हणाले. “नाव आम्लाचं, पण आहे चरबीतलाच एक घटक. शेळीच्या दुधात असतो, खोबरेलातही. शरीर त्यातून चटकन ऊर्जा मिळवतं. नेहमीची चरबी न पचणाऱ्यांना दवाखान्यात अशी चरबी देतात. फिट येणाऱ्या काही मुलांच्या आहारातही डॉक्टर ती वापरतात. बत्तीस अंशांच्या आसपास वितळतो, बस्स. थायरॉइड कमी पडलं की हात गार पडतात. गोळ्या थांबवल्या की आणखी गार.”

“म्हणजे आधी हात गार करायचे,” शिंपी सावकाश म्हणाला, “आणि मग मरशील म्हणून सांगायचं.”

खुर्च्या उलटल्या. बाबा मागच्या दाराने पळाले, चपला तिथेच राहिल्या.

भाची मात्र हलली नाही. “मामा, तुम्हाला हे आज कळलं?”

खोटं बोलणं सोपं होतं.

“पाकीट उघडलं तेव्हाच.”

तिने डबा खाली ठेवला आणि त्यांच्याकडे न बघता शेजारून निघून गेली.

घरी येऊन मास्तरांनी पुस्तकातून पहिला मसुदा काढला. तारीख तीच ठेवली. ‘गोळ्या बंद करू नका. खडा नशीब ओळखत नाही, फक्त ऊब ओळखतो. तुझी शंका बरोबर आहे.’

त्याखाली आज लिहिलं: ‘आई तुझ्या शंकेने गेली नाही. माझ्या गप्प बसण्याने गेली. शंका आली की विचारावं, तू विचारलंस. माहीत असेल त्याने त्याच दिवशी सांगावं, मी सांगितलं नाही.’

पाकिटावर तिकीट चिकटवून ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालत गेले आणि पत्र आत टाकलं.