डाव्या पायापुढचा त्रिकोण

पेलायोला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो मैदानाच्या कडेला केळं खात उभा होता, आणि तेव्हापासूनच तो माझ्या डोळ्यांत सलायला लागला. पायाजवळ आलेला बॉल त्याने न बघता उचलला, मांडीवर घेतला आणि पलीकडच्या माणसाला जिथे हवा होता तिथे देऊन टाकला. केळं अजून संपलं नव्हतं. एवढंच करायला मी कोल्हापुरात दहा वर्षं घासली होती, आणि तरी मला खाली बघावंच लागायचं.

पोराचं वय वीस. स्पेनच्या उत्तर भागात कोळशाच्या खाणी आहेत, तिकडचा. तिथल्या एका मोठ्या क्लबाच्या दुसऱ्या संघात तो मिडफिल्डला खेळायचा. अनुभव मिळावा म्हणून त्यांनी त्याला एका मोसमासाठी आमच्याकडे उसना पाठवला होता. आमचा क्लब जपानच्या दुसऱ्या डिव्हिजनमधला, तेराव्या-चौदाव्या नंबरावर सुखाने नांदणारा. सरावाचं मैदान एदोगावा नदीच्या बांधाजवळ. २०११च्या भूकंपात तिथली जमीन चिखलासारखी पातळ झाली होती. पुढे भर घालून नवं गवत लावलं, पण पाच वर्षांनंतरही बॉल कुठे दगा देईल ते जुन्या खेळाडूंनाही धड सांगता येत नव्हतं. पेलायोला ते आठवड्यात कळलं.

मी नीलकंठ साळोखे. जपानी लोकांच्या तोंडी सारोके-सान, सान म्हणजे आपलं राव. मी इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक आहे. माणूस धावतो तेव्हा त्याच्या पायांवर किती जोर येतो, हा माझा विषय. आठवड्यातले दोन दिवस क्लबाचं काम. सरावाच्या वेळी खेळाडू आतून एक सेन्सर लावलेली बनियन घालतात. तिचे आकडे माझ्या लॅपटॉपवर येतात आणि दर गुरुवारी मी कोच मोरितांना एका कागदावर सगळ्यांचा हिशेब देतो. प्रत्येक नावापुढे एक खूण. गोल म्हणजे उत्तम, फुली म्हणजे खेळणं बंद, त्रिकोण म्हणजे मधलं काहीतरी. नवख्याला वाटतं त्रिकोण म्हणजे बरं आहे, चालेल. जपानात काही वर्षं काढली की कळतं, त्रिकोण म्हणजे नाहीच, फक्त सभ्यपणे सांगितलेलं.

त्या मोसमात मी घरी त्याच्याविषयीच बोलायचो. स्वप्ना, माझी बायको, इथल्या इंडियन स्कूलमध्ये फिजिक्स शिकवते. ती एकदा वह्या तपासता तपासता म्हणाली, "नीळू, लग्नाआधी तू माझ्याबद्दल तरी इतकं बोलला होतास का रे?"

"मी त्याच्या चुका सांगतोय," मी म्हणालो.

"तेच. माझ्या चुकाही इतक्या मन लावून पाहिल्या नव्हत्यास."

एप्रिलमध्ये एकदा सराव संपल्यावर मी शंकू गोळा करत होतो. पेलायोने बॉल माझ्याकडे ढकलला. मी ऑफिसच्या बुटांनीच तो थांबवला आणि परत दिला. त्याने पुन्हा दिला, जरा जोरात. मी डाव्याने घेतला, उजव्याने दिला. असं दहा मिनिटं चाललं असेल. घामाने शर्ट पाठीला चिकटला आणि मला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

"सारोके-सान, तुम्ही खेळलेले आहात," तो इंग्रजीत म्हणाला.

मग मी सांगितलं. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय असतं ते. पेठेपेठेच्या तालमींचे संघ असतात, मॅच असली की बाजार ओस पडतो, शाहू स्टेडियमवर लोक भिंतीवर चढून बघतात. मी आमच्या तालमीचा मिडफिल्डर होतो आणि अठराव्या वर्षी मला राज्याच्या शिबिराचं बोलावणं आलं होतं.

"मग?"

"वडिलांनी परत बोलावून घेतलं. शिक्षण आधी, म्हणाले."

हे वाक्य मी आयुष्यात शंभरदा तरी बोललो असेन. ऐकणारा हळहळतो, विषय संपतो. पेलायो हळहळला नाही. "माझेही बाबा नको म्हणाले होते," तो बुटाची नाडी सोडत म्हणाला. "खाणीत होते ते. तीन महिने बोलले नाहीत माझ्याशी. मी तेरा वर्षांचा होतो. बॅग घेतली आणि बसमध्ये बसलो." यात त्याला काही विशेष वाटत नव्हतं. मला टोमणा मारण्याचा तर त्याच्या मनात विचारही नव्हता.

आता खरं काय ते सांगतो, कारण इथपर्यंत आल्यावर लपवण्यात अर्थ नाही. बाबांनी मला बोलावलं नव्हतं. शिबिरात तीन दिवसांत मला दिसलं की निदान सहा पोरं माझ्यापेक्षा चांगली आहेत. चौथ्या दिवशी मी सामान बांधलं आणि घरी आलो. पेठेत बाबांचं नाव पुढे केलं. बाबांनी ते कधी खोडून काढलं नाही, उलट लोकांच्या शिव्या खाल्ल्या. सोळा वर्षं ते खोटं मला छान पुरलं होतं, आणि या पोराने नाडी सोडता सोडता ते माझ्या हातातून काढून घेतलं. त्या दिवसापासून मला तो नुसता सलत नव्हता. त्याचं वाईट व्हावं असं मला वाटायला लागलं.

जूनमध्ये बातमी आली की बेल्जियमच्या पहिल्या डिव्हिजनच्या एका क्लबाची दोन माणसं रविवारची मॅच बघायला येणार आहेत, पेलायोसाठी. स्पेनच्या क्लबाला त्याला विकायचंच होतं. चांगला खेळला असता तर जुलैपासून तो युरोपात पहिल्या डिव्हिजनमध्ये असता, विसाव्या वर्षी. आमचा खजिनदारसुद्धा नवा टाय घालून हिंडत होता.

गुरुवारी मी आकडे काढले. पेलायोच्या डाव्या आणि उजव्या पायाच्या जोरात आठ टक्क्यांचा फरक होता. आठ काहीच नाही. दहापर्यंत माणसाचे पाय असेच असतात, हे मीच माझ्या थीसिसमध्ये लिहिलंय. आदल्या आठवड्यात आमच्या बचावफळीतल्या नागाईचा फरक नऊ होता आणि मी हसत हसत त्याला गोल दिला होता. पेलायोच्या नावापुढे मी पेन टेकवलं आणि त्रिकोण काढला. खाली लिहिलं, "डावी मांडी. लक्ष ठेवावं." अक्षर चांगलं आलं होतं.

मोरितांनी कागद वाचला, इथले लोक अडचण दिसली की ओढतात तशी तोंडाने हवा आत ओढली आणि मान डोलावली. त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. रविवारी पेलायो नव्वद मिनिटं बाकावर बसला. बेल्जियमची माणसं दुसऱ्या हाफमध्ये फोन बघत होती आणि मॅच संपायच्या आधीच निघून गेली. मी स्टँडमध्ये होतो. मला आनंद झाला. लहानपणी विरुद्ध पेठेचा गोलकीपर घसरला की व्हायचा तसाच.

सोमवारी तो माझ्याकडे आला. भांडायला येईल म्हणून मी ग्राफ तयार ठेवले होते. तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "माझ्या डाव्या पायाला काय झालंय? मला तर काहीच जाणवत नाही."

तेव्हाही वेळ गेली नव्हती. पण मी म्हणालो, "काळजीचं काही नाही. जरा जप."

"तुम्ही बघितलंत ते बरं झालं," तो म्हणाला. "स्पेनमध्ये कुणी बघत नाही. मोडला की दुसरा आणतात." आणि तो वाकला, आमच्या इथल्या पोरांचं बघून शिकलेलं ते अर्धवट वाकणं.

त्याने जपायला सुरुवात केली. मी सांगितलं म्हणून डाव्यावर कमी भार देऊन वळायला लागला. पूर्वी जो बॉल त्याने समोरच्याच्या पोटात शिरून घेतला असता, तो आता सोडून द्यायचा. जुलैत फरक अकरा झाला. ऑगस्टमध्ये बारा. क्लबाच्या डॉक्टरांनी एमआरआय काढला. त्यात काही निघालं नाही, पण ते म्हणाले, सारोके-सानचे आकडे सांगतात त्याअर्थी असणार, जपूया. मोरितांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. कुणालाच दिसलं नव्हतं ते यांना जूनमध्ये दिसलं, म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पेलायोनेही वाजवल्या. सप्टेंबरच्या अखेरीला आकडा तेरावर गेला, आणि आता मी काढत होतो तो त्रिकोण अगदी नियमाला धरून होता.

घरी मी त्याचं नाव घेणं बंद केलं होतं. स्वप्नाच्या ते लक्षात आल्याशिवाय कसं राहील. एका शनिवारी कचरा वेगळा करता करता तिने विचारलं, "तुझा स्पॅनिश पोरगा गेला का परत?"

मग मी तिला सगळं सांगितलं. ती प्लास्टिकच्या बाटल्यांची झाकणं काढत ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "त्याचा पाय अधू आहे का?"

"नाही."

"आणि ते एकट्या तुलाच माहीत आहे."

"हो."

"मग मला काय सांगतोयस? त्याला सांग." पुढे दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

ऑक्टोबरमधली सकाळ होती. सराव संपल्यावर तो नदीच्या बांधावर एकटाच बसला होता, डाव्या मांडीला बर्फाची पिशवी बांधून. चांगल्या मांडीला बर्फ. मी शेजारी बसलो.

"तुझ्या डाव्या पायाला काही झालेलं नाही," मी म्हणालो. "कधीच नव्हतं."

"कागदावर तेरा आहे."

"तेरा तू केलेस, मी जप म्हणालो म्हणून. मी त्रिकोण दिला तेव्हा आठ होते. आठ चालतात. नागाईला मी नऊवर गोल दिला होता."

बांधावरून एक बाई सायकलवर दोन पोरांना घेऊन गेली. "मग मला त्रिकोण का?" त्याने विचारलं.

मी रात्रभर जुळवलेली वाक्यं होती. मोजमापातली चूक, मशीनचा दोष, अतिकाळजी. पण ती तोंडातून निघाली नाहीत. "ते लोक येणार होते," मी म्हणालो, "आणि तू खेळायला नको होतास मला. मला तुझा हेवा वाटतो."

"मी तुमचं काय केलं होतं?"

"काही नाही."

त्याने बर्फाची पिशवी सोडली, आतलं पाणी गवतावर ओतलं, पिशवीची नीट घडी घालून खिशात ठेवली आणि उठून गेला. मला वाटलं, सरळ मोरितांकडे जाईल. मी गेटजवळ वाट बघत उभा राहिलो. तो मैदानावर गेला आणि धावायला लागला. पहिल्या दोन फेऱ्या जपून. तिसऱ्या फेरीत वळणावर त्याने डावा पाय असा काही रोवला की गवत उपटून आलं.

दुसऱ्या दिवसापासून त्याने ती सेन्सरची बनियन घातली नाही. आकडेच नाहीत म्हटल्यावर माझ्या कागदावर त्याच्या नावापुढे खूणही नव्हती. मोरितांनी त्याला आधी अर्धा तास उतरवला, मग पूर्ण मॅच. शेवटच्या पाच मॅचमध्ये त्याने आमचं मिडफिल्ड एकट्याने ओढलं, आम्ही अकराव्या नंबरावर पोचलो. बेल्जियमवाले मात्र पुन्हा आले नाहीत, त्यांनी तोपर्यंत दुसरा कुणीतरी घेतला होता. पेलायोला स्पेनमध्ये तिसऱ्या डिव्हिजनचा एक क्लब मिळाला. माझ्याशी तो ऑक्टोबरनंतर एक शब्द बोलला नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीला मोरितांनी मला ऑफिसमध्ये बोलावलं. टेबलावर माझं पुढच्या वर्षीचं कंत्राट होतं, आणि शेजारी त्यांचा शिक्का. इथे सहीऐवजी प्रत्येकाचा आपल्या नावाचा शिक्का असतो.

"मी पेलायोला विचारलं, बनियन का घालत नाहीस," ते म्हणाले. "म्हणाला, पाठीला घाम येतो."

खिडकीबाहेर लोक मफलर गुंडाळून चालले होते.

"तुमचं आणि त्याचं काही बिनसलंय का, असंही विचारलं. म्हणाला, नाही, सारोके-सान चांगले आहेत, त्यांना ठेवा." मोरितांनी चष्मा काढला. ते मूर्ख नव्हते. "मी आता तुम्हाला विचारतो. काही झालं होतं का?"

इथे कागदावरची चूक सुधारायची तर तिच्यावर दोन रेघा मारून स्वतःचा शिक्का उठवावा लागतो. म्हणजे चूक कुणाची, हे कायम दिसत राहतं. जूनचा तो कागद त्यांच्या मागच्या कपाटात होता. माझा शिक्का माझ्या खिशात होता.

"काही जणांना येतो घाम," मी म्हणालो, "थंडीतसुद्धा."

त्यांनी चष्मा परत चढवला. मग त्यांनी कंत्राटावर शिक्का मारला आणि कागद दोन्ही हातांनी माझ्याकडे सरकवला. मीही दोन्ही हातांनी घेतला आणि कंबरेतून वाकलो.

बाहेर पडलो तेव्हा पेलायो शेवटचा सराव करत होता. त्याचा मार्ग मी मोडला होता, आणि जाता जाता त्याने माझी नोकरी राखली होती, कुणाला न सांगता. मला लाज वाटली. पण लाजेच्याही आधी मला पुन्हा त्याचा हेवा वाटला, आणि या वेळी त्याच्या पायांचा नव्हे.