नदीनं धरलेलं इंजिन

पिंपळधोंडीच्या घाटावर सारा गाव लोटला होता. गोदावरीच्या ऐन मधोमध भुजंगची इंजिनाची नाव ठप्प उभी होती आणि नावेच्या टोकावर जलनाथ महाराज त्रिशूळ उभारून मंत्र म्हणत होते. अकरा लिंबं पाण्यात गेली, दूध गेलं, नारळ फुटला. शेवटी महाराजांनी इंजिनावर हात ठेवला, डोळे मिटले आणि गरजले, "मार हँडल!"

भुजंगनं हँडल मारलं. फटफट करत इंजिन सुरू! काठावर जयजयकार उठला. बायकांनी तिथूनच हात जोडले.

महिनाभर हेच चाललं होतं. नाव निघायची, मध्यावर बंद पडायची, अर्धा तास पूजा झाली की चालू. पाण्यातली माता नाव धरते, असं महाराज सांगत. किल्लारीच्या भूकंपाला साडेपाच वर्षं झाली होती, तरी माणसांच्या मनातली धडकी गेली नव्हती. त्यामुळे मातेनं मागितलेलं सगळं मिळायचं. आणि मातेची आवड तरी कशी! तुपातला शिरा, रेशमी उपरणं, मऊ गादी.

खातूनबी मात्र काठावर उभी राहून दुसरंच बघत होती. तिचा नवरा पाण्याच्या पंपांची इंजिनं दुरुस्त करायचा. ती वीस वर्षं त्याच्या हाताखाली राबली आणि तो वारल्यावर दुकान तिनंच चालवलं. नावेच्या कडेला एक नळी होती. इंजिन गार ठेवणारं नदीचं पाणी त्या नळीतून पिचकारीसारखं बाहेर पडायला हवं. नाव काठाला लागली तेव्हा तिथून नुसती टिपं गळत होती.

त्या संध्याकाळी देवळासमोर महाराजांनी नवा हुकूम सोडला. "नावेत भूकंपाची पोर बसते. जिला धरणीनं ठिवलं न्हाई, तिला नदी कशी सोसंल? तिला बसू देऊ नका!"

ती पोर म्हणजे स्वप्नाली. किल्लारीकडच्या एका गावात तिचे आईबाप गेले. ती मामाकडे वाढली. लातूरचे क्लास परवडत नव्हते, म्हणून तिथल्या नोट्सच्या झेरॉक्स आणून बारावीचा अभ्यास करत होती. परीक्षा चार दिवसांवर आली होती आणि केंद्र पलीकडे. पुलावरून जायचं तर चाळीस किलोमीटरचा फेरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी खातूनबी पान्यांची पिशवी घेऊन तिच्या दारात उभी राहिली. "चल बेटा, नावेत बसायचं."

"खाला, लोक मारतेल."

"मी हाय की. चल."

घाटावर भुजंग चाचरला. "भाबी, महाराज नको म्हणतेत..."

"तुझं इंजिन कुणी बसवलं रे? माझ्या घरच्यानं का महाराजानं?"

भुजंगनं दोघींना नावेत घेतलं. नाव निघाली आणि मध्यावर बंद पडली. टोकावर बसलेले महाराज उसळले, "बघितलं? उतरवा हिला!"

खाली दोन पुरुष पाणी होतं. तरी नावेतले दोघं तिला ढकलायला उठले. स्वप्नालीनं फळी घट्ट धरली. खातूनबी तिच्यापुढे उभी राहिली. हातात मोठा पाना होता.

"पोरीला हात लावायच्या आधी माझं ऐका. महाराज, करा मंत्र आन् लगेच चालू करून दावा. माता तीच, मंत्र तेच. अर्धा तास कशाला पायजे?"

महाराजांनी मंत्र म्हटला. भुजंगनं हँडलला जोर लावला. ते हललंच नाही.

"आता कुणी काई म्हणायचं न्हाई. लिंबू न्हाई, नारळ न्हाई. पोरी, घड्याळ बघ."

दहा मिनिटं गेली, वीस गेली. पस्तिसाव्या मिनिटाला खातूनबीनं इंजिनावर हात ठेवला. "भुजंगा, मार."

इंजिन सुरू झालं. भूकंपाची पोर नावेतच होती.

पलीकडच्या काठाला लागल्यावर खातूनबीनं पाण्याचा छोटा पंप खोलला. आतली रबरी चक्री तिनं सगळ्यांना दाखवली. सहा पात्यांपैकी चार तुटली होती. "ही पाणी ओढीना, म्हणून इंजिन तापतं अन् जाम होतं. निवलं की सुटतं. महाराज आशीर्वाद द्यायला हात ठिवत नव्हते, निवलं का ते बघत होते. आपण तवा बघतो तसं!"

कुणीतरी हसलं. मग सगळी नावच हसली. महाराज त्रिशूळ सावरत चिखलात उतरले. परत यायला त्यांना चाळीस किलोमीटरचा फेरा पडला, कारण भुजंगनं त्यांना नावेत घेतलं नाही.

खातूनबीनं पिशवीतली नवी चक्री बसवली. त्या दिवशी नावेनं सात फेऱ्या केल्या. एकदाही बंद पडली नाही.

संध्याकाळी पारावर मामा म्हणाला, "झालं ते झालं. आता गप ऱ्हा." पण स्वप्नाली उठून उभी राहिली. ती साऱ्या गावाला म्हणाली,

"माझ्या आईबापाच्या पापानं धरणी हलली, असं मी अकरा वर्षांची असल्यापासून ऐकून राहिले. आमच्या भिंती दगड-मातीच्या होत्या. वर मातीचं जड माळवद होतं. ते झोपेत अंगावर आलं, म्हणून ती मेली. पाप कुणाचंच नव्हतं. भीती वाटली तर वाटू द्या. पण हात जोडायच्या आधी आत काय तुटलंय, ते एकदा उघडून बघा."