खेकड्यांनी आज काय खाल्लं

धाकट्याचं काम खेकड्यांची पोटं फाडायचं. उथळ पाण्यातले प्राणी काय खातात ते शोधणाऱ्या प्रयोगशाळेत तो नोकरीला होता. खेकड्याचे दात पोटात असतात. तिथे चावला गेलेला लगदा बारीक चाळणीवर धुवायचा, भिंगाखाली धरायचा आणि त्यातलं शिंपला, शेवाळ, कोळंबी असं वेगळं करायचं. ह्याच्यासाठी का आईबापांनी पोटाला चिमटा काढून तुला शिकवलं, असं थोरला भाऊ त्याला चिडवायचा.

"मेलेलं तर काहीच सोडत नाहीत, खादाड लेकाचे," असं धाकट्यानेच एकदा जेवताना फुशारकीने सांगितलं होतं. थोरला तेव्हा पोट धरून हसला. पुढे तो ओहोटीला खडकांपलीकडे कालवं काढायला गेला, धुकं उतरलं आणि माणूस परत आलाच नाही. शोधणाऱ्यांनाही काही सापडलं नाही. ते वाक्य बोललेली जीभ हासडून टाकावी असं धाकट्याला वाटायचं. डोळे मिटले की त्या पोटातल्या दातांची करकर त्याला ऐकू यायची.

आणि वहिनी रोज संध्याकाळी दारातच विचारायची, "भाऊजी, आज काय खाल्लं त्यांनी?"

"शिंपले, शेवाळ. नेहमीचंच."

मग तिचा जीव भांड्यात पडायचा आणि ती चहा टाकायला आत जायची. हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं शेजारणी म्हणत. त्यांचं काय जातंय बोलायला.

आज चाळणीवर एक धागा राहिला. पिवळा, लोकरीचा. वहिनीने विणलेला पिवळा स्वेटर घालूनच थोरला गेला होता. धाकट्याने तो चिमट्याने उचलून उजेडात धरला.

"जाळ्याचा असेल, टाकून दे," शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. पण लोकरीचं जाळं कोण विणतं?

घर येईपर्यंत धाकट्याने उत्तर शंभरदा घोकलं. वहिनी दारात उभीच होती.

"शिंपले, शेवाळ," तिने विचारायच्या आधीच तो म्हणाला.

वहिनी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूच पायरीवर टेकली.

"कुठले होते खेकडे?" तिने विचारलं. "खडकांपलीकडचे?"

खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं. "हो," तो म्हणाला.

"हे एकटेच होते हो तिथे इतके दिवस," ती म्हणाली आणि तिने चपला पायात सरकवल्या. "चला, भाऊजी."