पाटावरून उठलेला बाप

मी झारी बोलतेय, नरहरच्या घरची, चांदीची. एवढीशी, पण तोरा मोठा! सराफ्यात घडले आणि या घरातल्या तीन मुलींच्या, नरहरच्या बहिणींच्या, कन्यादानाला पाणी मीच सोडलं. बाप ओंजळ धरतो, आई माझ्या तोटीतून धार सोडते. चौथी दुर्वा, नरहरची एकुलती लेक. गेल्या वर्षी तिच्या लग्नात मात्र घात झाला.

सदर भागातल्या मंगल कार्यालयात ऐन कन्यादानाला भय्यासाहेब आले. इथले आमदार. निवडणूक तोंडावर, सोबत फोटोवाले. शहरभर त्यांचे फलक लागलेले, 'हर बेटी का बाप'. त्यांना पाहताच नरहर पाटावरून उठला. काहून उठला? कुणी सांगितलं नव्हतं हो! "तुम्हीच बसा, भय्यासाहेब. पोरीचं भाग्य," म्हणाला.

ते बसले. दुर्वाच्या आईनं, कुमुदनं, परक्या पुरुषाच्या ओंजळीवर माझी धार धरली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जाताना भय्यासाहेबांनी मलाही उचललं. "बेटी की निशानी!" आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

त्यांच्या बैठकीत मला काचेच्या कपाटात ठेवलं, त्याच कन्यादानाच्या फोटोखाली. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला आवडलं मला. माणसं रडत यायची. ते आधी दरडावायचे, मग डोक्यावर हात ठेवायचे, "बाप बैठा है तेरा." माणसं हलकी होऊन जायची. काम झालं का, ते कुणी विचारत नसे. बापाला जाब कोण विचारणार?

आज सकाळी दुर्वा आली. हात प्लास्टरमध्ये. मागे नरहर, अंग चोरून. नवऱ्यानं मारलं होतं आणि ठाण्यात रिपोर्ट लिहून घेत नव्हते. "भय्यासाहेबांना विचारून या," म्हणाले होते.

भय्यासाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बेटी, मैंने तेरा कन्यादान किया है. दामाद को मैं डाँट दूँगा. घर की बात घर में." लगेच ठाण्यात फोन, "कुछ लिखना मत." आणि ड्रायव्हरला, "बिटिया को ससुराल छोड़ आ."

दुर्वा ड्रायव्हरपासून एक पाऊल मागे सरली.

तेव्हा नरहरनं तिलाच विचारलं, "तुला काय करायचं आहे, बेटा?"

"रिपोर्ट लिहवायची आहे, बाबा. तिकडे नाही जायचं मला."

"चल मग." तो कपाटाकडे वळला. "भय्यासाहेब, माझी झारी नेतो."

"नाराज हो गए क्या?" ते हसले.

"नाही जी. चूक माझीच. मी पाटावरून उठायला नको होतं." काच त्यानं स्वतःच सरकवली.

आता ठाण्याच्या बाकावर मी दुर्वाच्या मांडीवर आहे. शेजारी नरहर. शिपाई दोनदा सांगून गेला, "घर जाओ, चाचा." नरहर बाकाची कड घट्ट धरून बसून राहिला आहे. मोठं माणूस दिसलं की उठायचं, ही जन्माची खोड!

बाहेर गाडीचं दार वाजलं. भय्यासाहेब आत आले. सगळं ठाणं उठून उभं राहिलं.

नरहर, तू उठू नकोस रे बाबा!