कळशीवरचा आळ

मी तांब्याची कळशी बोलतेय, आणि आधीच सांगून टाकते: मी गळत नाही. पार्से गावात माझ्याबद्दल जे बोललं गेलं ते साफ खोटं होतं.

डिचोलीच्या बाजारामागे एका तांबटाने मला ठोकून घडवलं. पद्मावतीच्या माहेरच्यांनी तिच्या लग्नात मला घेतलं, आणि तिच्याबरोबर मी पार्सेला आले. वर्षभर माझ्यात प्यायचं पाणी. गणपतीच्या चवथीत मात्र मी रिकामी, आणि भलतीच भाव खाणारी. कारण तेव्हा बायका कळशीची फुगडी घालतात. माझ्या तोंडात फुंकून घुमवायचं आणि त्या तालावर उड्या मारायच्या. पद्मावती फुंकायला लागली की पोरं प्रसादसुद्धा विसरायची.

गेल्या दोन चवथी ती बसून राहिली. "गुडघे दुखतत," म्हणायची. काजूच्या डोंगरावर तरातरा चढणाऱ्या बाईचे म्हणे गुडघे.

मला एवढंच कळायचं, की सकाळी भरलेली मी संध्याकाळी जवळजवळ तशीच असते. ती पाणी पीतच नव्हती. शिवाय बाजाराला निघताना ती एकदा न्हाणीघरात जाऊन यायची, चप्पल घातल्यावर पुन्हा एकदा.

मग एक दिवस विहिरीवर तिने मला भरून कमरेवर घेतलं. शेजारची सेजल काहीतरी गमतीचं बोलली. पद्मावती खळखळून हसली आणि एकदम थिजली. पुढच्याच क्षणी तिने मला मुद्दाम कलंडवलं. अर्धं पाणी साडीवर.

"काय झाला गे वयनी?"

"कळशी गळता. सगळी भिजलंय."

झालं. तिच्या मुलाने, सर्वेशने, मला गाडीवर घालून डिचोलीला नेलं. तांबटाने मला भरून ओट्यावर ठेवलं, चहा पिऊन आला, खाली हात फिरवला. ओटा कोरडा.

"हिका काय्येक झाला नाय," तो म्हणाला. "घरात बघ, पाणी खंयसून येता ता."

सर्वेशने घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. पद्मावतीचा चेहरा उतरला. सून समीक्षा बाळाला थोपटत होती. तिने नवऱ्याला दुकानावर पिटाळलं आणि सासूजवळ येऊन बसली.

"आई, माका पण होता. बाळ झाल्यापासून. शिंक इली की संपला."

"तुका? तू अजून पोर गे."

"म्हणान सांगतंय. म्हातारपणाचा नाय हा."

दोघी दवाखान्यात गेल्या. तिथलं सगळं मी नंतर स्वयंपाकघरात ऐकलं. लघवी तपासली, जंतुसंसर्ग नव्हता. बाळंतपणाने किंवा वयाने मूत्राशयाखालचे स्नायू सैल पडतात, त्यातला हा प्रकार. पाणी तोडलं तर लघवी दाट होते आणि मूत्राशय जास्तच चाळवतं, म्हणून पाणी प्यायचं, चहा कमी करायचा. भीतीपोटी उगाच सारखं जायचं नाही. आणि रोजचा व्यायाम: लघवी रोखताना आवळतो ते स्नायू आवळायचे, थोडा वेळ धरायचे, पूर्ण सोडायचे. श्वास मात्र चालू ठेवायचा. शिंकण्याआधी, ओझं उचलण्याआधीही आवळायचं. फरक पडायला काही महिने लागतात. तरी थांबलं नाही तर पुढचे उपचार आहेत.

एवढ्यासाठी दोन चवथी वाया गेल्या. मला तर संतापच आला.

तेव्हापासून भाकऱ्या थापताना सासू-सून अचानक गप्प व्हायच्या.

"भांडलात काय?" सर्वेश विचारायचा.

"काम चल्लाहा," दोघी एकदम. मी संध्याकाळपर्यंत रिकामी होऊ लागले.

यंदाच्या चवथीत पद्मावतीने मला उचललं. सावधगिरीला पॅड होतं. श्वास भरून तिने अशी फुंक घातली की माझा पत्रा थरथरला. फुगडी रंगात आली आणि सेजल मध्येच थांबली. साडीचा घोळ मुठीत धरून म्हणाली, "वयनी, तुझ्या कळशीन माका भिजवल्यान."

पुन्हा माझ्यावरच. बायांनो, पाणी धरणं माझं काम. तुमची लाज मी किती दिवस धरू?

पद्मावतीने मला सेजलच्या पुढ्यात हळूच उलटी केली. थेंबही पडला नाही. सेजलने मान खाली घातली.

"माका म्हायत आसा गे," पद्मावती तिच्या कानाशी म्हणाली. "उद्यां माझ्यावांगडा दवाखान्यात चल. आता साडी बदलून ये. मी थांबतंय."

फेर ताटकळला, बायका कुरकुरल्या. पण सेजल परत येऊन फेरात उभी राहीपर्यंत पद्मावतीने मला तोंडाला लावलं नाही.