पथ्य

"जीभ काढ. आणखी बाहेर. चारचौघांत गळा काढतेस तेव्हा बरी लाज वाटत नाही!"

वन आडनावाच्या वैद्यांच्या टोमण्यावर बाकावरची माणसं हसली. म्याओलानही हसली. तिचं पोटच गळा काढण्यावर होतं. चिआलिंग नदीकाठी कुणाच्या घरी मयत झाली की तिला बोलावणं येई, आणि मेलेल्याचं नाव गुंफून ती असा विलाप गाई की दगडाला पाझर फुटावा. पण हिवाळ्यापासून तिचेच डोळे आटले होते. पापणी मिटली की वाळू खुपायची. परवा एक म्हातारी तोंडावर म्हणाली, "हिचा नुसता घसाच ओला!" असे कोरडे डोळे घेऊन आता बोलावणार कोण?

वैद्यांनी शेवंतीच्या काढ्याची वाफ दिली, भुवयांच्या टोकांना बारीक सुया टोचल्या. मग तिच्या मनगटावर तीन बोटं टेकवली. डाव्या. उजव्या. पुन्हा डाव्या.

शेगडीवरचा काढा तेवढा रटरटत राहिला.

"पुड्या देतो. उकळून घे."

"आणि पथ्य?" तिनं हसतच विचारलं. साध्या पडशालाही वन वैद्य मिरची, मटण, तळण सगळं तोडायचे. पथ्य मोडणाऱ्याला दारातून हाकलायचे.

वैद्य चष्मा पुसत राहिले. "पथ्य काही नाही. मनाला येईल ते खा, ताई."

ताई! बाकावरचं हसू विझलं. शेजारच्या बाईनं आपली पिशवी उगाचच जवळ ओढली.

किती घरांत ऐकलं होतं तिनं हे वाक्य! गाण्याआधी ती घरच्यांजवळ बसून गेलेल्याची हकिकत विचारायची, आणि कुणीतरी हमखास सांगायचं, 'वैद्य म्हणाले, मनाला येईल ते खाऊ द्या.' तिथूनच ती विलापाची पहिली ओळ उचलायची.

घरी तिचा नवरा पंग चुलीपाशी होता. मिरच्या-तिरफळांची फोडणी चरचरत होती.

"काय म्हणाला म्हातारा? काय काय बंद केलं?"

म्याओलाननं हातातल्या पुड्या फळीवर ठेवल्या. तिचा आवाज खणखणीत निघाला.

"विचारूच नकोस! मिरची बंद. मटण बंद. तळणाकडे बघायचंसुद्धा नाही म्हणे, उन्हाळा सरेपर्यंत."

"मेल्यानं जगायचं तरी कशावर ठेवलंय?" पंग करवादला. पण त्याचा चेहरा कसा उजळला! "एवढं बंद केलंय, म्हणजे गुण येणार बघ."

जेवायला बसल्यावर तिचा वाडगा पुढ्यात ओढून, जेवणाच्या काड्यांनी वेचून वेचून, तो मिरचीचे लाल तुकडे आपल्या भातावर ठेवू लागला. ती कोरड्या डोळ्यांनी बघत होती.

"तो एक राहिला," ती म्हणाली, "तिथं, कडेला."