ओरमोन आकेंची दुवा

"मामा, दुवा तुम्हीच द्यायची," कुबान म्हणाला. "तुमच्यापेक्षा वडीलधारं इथं आहे कोण?"

मेंढ्याचं डोकं पाहुण्याच्या ताटात गेलं होतं, कुमिसचे, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, वाडगे दोनदा फिरून झाले होते. ओरमोन आकेंनी मिशा पुसल्या; वडीलधाऱ्याला आमच्याकडे आके म्हणतात. कौतुकानं विरघळणारा माणूस मी नव्हे, असं ते नेहमी सांगत आणि गाव गालातल्या गालात हसे. त्यात कुबान वीज कंपनीचा साहेब झाला असला तरी या गावच्या लेकीचा मुलगा. भाच्याला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. त्याला तुमचा घोडा आवडला तर घोडासुद्धा सोडून द्यावा लागतो, आणि हा तर नुसती दुवा मागत होता. कंपनीचे खांब घाट उतरून वेशीपर्यंत आले होते. आता तारा ओढायच्या राहिल्या होत्या.

आकेंनी दोन्ही तळवे उघडले. बैठकीतल्या सगळ्यांनी उघडले.

"ही वीज आणणाऱ्यांची वाट कुणी अडवू नये. त्यांच्या कामात विघ्न येऊ नये. गावानं त्यांना आपलं म्हणावं."

"आमीन," म्हणत सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले आणि दुवा पुरी झाली. मग चहा आला, आणि चहाबरोबर कुबाननं खरं काम बाहेर काढलं.

"आता ते ओढ्यावरचं यंत्र बंद करायचं, मामा."

"कुठलं यंत्र?" आके म्हणाले, जसं काही गावात दहा यंत्रं होती.

होतं ते एकच. जुना मोठा देश मोडून त्याचे तुकडे झाले तेव्हा गावाची वीज गेली, आणि एवढ्याशा गावासाठी तारा दुरुस्त करणं परवडत नाही म्हणून याच कंपनीनं हात झटकले. कितीतरी हिवाळे लोकांनी मेणबत्तीवर काढले. शेवटी गावानंच अशार केलं. म्हणजे घरटी एका माणसानं तरी कामाला यायचं, मजुरीचं नाव काढायचं नाही. बायकांनी वाळू वाहिली, पुरुषांनी पाट खणला, आणि सामुदायिक शेतीच्या पंपांवर आयुष्य काढलेल्या ओरमोन आकेंनी जुन्या सामानातून पाण्यावर फिरून वीज करणारं चाक उभं केलं. ज्यानं दगड उचलला तो मालक, एवढीच त्याची मालकी. तेव्हापासून दर हिवाळ्यात आके पाटात उतरून जाळीवरचा बर्फ फोडत. डाव्या हाताची दोन बोटं त्यांनी त्या थंडीला देऊन टाकली होती.

"दोन्ही राहू देत की," शाळेतली नूरझामाल म्हणाली. "आम्हाला कमी पडली तर तुमची घेऊ, उरली तर आमची तुम्ही घ्या."

"ताई, कंपनी वीज देते, कुणाकडून घेत नाही. ते यंत्र चालू असलं तर तार वेशीवरच थांबेल, असा वरून हुकूम आहे."

"थांबू दे मग."

"आता कशी थांबेल?" कुबाननं आकेंकडे पाहिलं नाही. "वाट कुणी अडवू नये असं मामा आत्ताच म्हणाले. तुम्ही सगळे आमीन म्हणालात."

जपार तेवढा खूश झाला. आकेंचा हा शेजारी, त्याचं गवताचं रान ओढ्याखाली. यंत्र माझ्या गवताचं पाणी पितं म्हणून तो इतकी वर्षं आकेंशी भांडत आला होता. "बरं झालं," तो म्हणाला, "ओरमोनला आता म्हातारपणी झोप तरी मिळेल." कुणी हसलं नाही.

पुढच्या आठवड्यात नूरझामाल जिल्ह्याच्या गावी जाऊन आली आणि तडक आकेंच्या घरी पोचली.

"आके, काम होतंय, यंत्र वाचेल. तिथला सरकारी साहेब म्हणतो, गावची दुवा आहे असं कंपनीनं त्याला सांगितलंय. ज्यानं दिली त्यानंच समोर येऊन म्हणावं, मला हे ठाऊक नव्हतं, मी दुवा मागे घेतो. बाकीचं तो बघतो. आणि खरंच तर आहे ना? तुम्हाला कुठं ठाऊक होतं?"

आकेंनी तिच्यासाठी चहा ओतला.

"तुझं पोरगं चाळीस दिवसांचं झालं तेव्हा त्याला दुवा कुणी दिली?"

"तुम्हीच."

"तीही मागे घेता येईल म्हणतेस?"

"त्याचा इथं काय संबंध? ही तुमच्याकडून फसवून घेतलीय."

"त्यानं फसवलं गं. पण हात मी उघडले. एकदा हे मागे घेतलं तर या हातांनी दिलेलं कुठलं खरं आणि कुठलं खोटं, हे उद्या कोण सांगणार?"

नूरझामालचा संताप झाला. चहाला हात न लावता ती उठली. "ते यंत्र तुमच्या एकट्याचं होतं का आके? सयकाल काकू वाळूची पोती पाठीवरून वाहायच्या. त्यांना विचारलंत?"

सयकाल आकेंची बायको. टेकडीवरच्या कबरस्तानात ती निजली होती. नूरझामाल गेल्यावर आके तिच्या चहापाशीच बसून राहिले. पोरीचं बरोबर होतं. तिचं चुकत असतं तर त्यांना एवढं लागलं नसतं. मोठेपणाला भुलून, काय मागतात ते न विचारता त्यांनी हात वर केले होते, आणि आता सगळ्या गावाची वस्तू जाणार होती. आणि तरीही ते जिल्ह्याला गेले नाहीत.

कंपनीची माणसं साखळी आणि कुलूप घेऊन आली तेव्हा आके म्हणाले, "मी थांबवतो." त्यांनी पाटाच्या तोंडाशी फळी घातली. पाणी जरा घुटमळलं आणि जुन्या वाटेनं ओढ्यात उतरलं. चाक रेंगाळत रेंगाळत थांबलं. मग आके खाली बसले आणि बेअरिंगना ग्रीस भरू लागले.

"मामा, आता कशाला?" कुबान हळूच म्हणाला.

"गंज चढतो."

कुबान साखळी हातात धरून उभा राहिला. ग्रीस भरून होईपर्यंत त्यानं कुलूप लावलं नाही, तेवढी लाज त्याला होती.

संध्याकाळी घराघरात कंपनीची वीज आली. दिवे पूर्वीपेक्षा लख्ख होते, नाव ठेवायला जागा नव्हती. आकेंनी मात्र बटण दाबलं नाही. अंधारातच भाकरी मोडून खाल्ली, तीही अर्धी.

तेवढ्यात गल्लीतून मोठ्यानं रडण्याचा आवाज आला. "हाय रे माझ्या भावा, हाय रे." आमच्याकडे कुणाच्या घरी मयत झालं की पुरुषमाणसं अशी लांबून हाका देत, रडत येतात. कोण गेलं, म्हणून आके खिडकीशी आले. पुढे जपार होता, टोपी हातात, गाल ओले. त्याच्यामागे गावातले पुरुष, त्यांच्यामागे डोक्यावरून शाल घेतलेल्या बायका, नूरझामालसुद्धा. ओढ्यावरच्या थांबलेल्या चाकापासून निघून सगळे आकेंच्याच दाराकडे येत होते.

आके पेटीपाशी गेले. सुतकात बांधायचा शेला काढला आणि तीन बोटांच्या हातानं जमेल तसा कमरेला आवळून बांधला. मग काठी घेऊन बाहेर आले आणि दाराच्या उजव्या अंगाला, मयताच्या घरचा माणूस उभा राहतो तिथं, मान खाली घालून उभे राहिले.